फीडचे दशक आणि मराठी मजकुराचा प्रसार

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे येऊन मिळतो त्या परिसरात देवगाव फाटा आहे, आणि मराठवाड्यातील अशा असंख्य फाट्यांप्रमाणे त्याचेही नाव छापील जगात दिसते ते मुख्यतः बातमीच्या आरंभी येणाऱ्या स्थळनिर्देशात. वार्ताहराने पाठवलेला चार-सहा ओळींचा मजकूर आधी जिल्हा कार्यालयात, तेथून आवृत्तीच्या केंद्रात जावा, रात्रीतून छापला जावा आणि पहाटे गठ्ठ्यांच्या गाडीने पुन्हा त्याच रस्त्यावर येऊन पडावा, ही साखळी कित्येक वर्षे बिनबोभाट चालली. मात्र तिच्या रचनेतच एक कुंपण होते. जिल्हा पुरवणीतील बातमी जिल्ह्यातच वाचली जात असे, आणि सेलू किंवा जिंतूर सोडून पुण्याच्या कारखान्यात अथवा मुंबईच्या कचेरीत नोकरीला लागलेल्या माणसाच्या हाती त्याच वृत्तपत्राची जी आवृत्ती पडे, तिच्यात त्याच्या गावाचे पान नसे. इंटरनेटने हे कुंपण मोडले असे सर्रास म्हटले जाते, पण ते मोडण्याच्या क्रमात एक उलटापालट झाली, आणि तिच्याकडे मराठी माध्यमांच्या इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही: काही वर्षांपुरते का होईना, मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांपेक्षा एकट्यादुकट्या लेखकाचा मजकूर जालावर अधिक सहजतेने फिरत होता. या उलटापालटीच्या मुळाशी फीड नावाची एक साधी सोय होती.

फीड म्हणजे संकेतस्थळाने स्वतःच ठेवलेली ताज्या मजकुराची यादी होय. ती माणसाने वाचावी म्हणून नव्हे, तर दुसऱ्या संगणकाला समजावी म्हणून ठरावीक चौकटीत लिहिलेली असते. प्रत्येक नोंदीत मजकुराचे शीर्षक, त्याचा दुवा, थोडक्यात सारांश किंवा संपूर्ण मजकूर आणि प्रकाशनाची वेळ एवढ्या गोष्टी असतात, आणि एखादी आज्ञावली दर काही मिनिटांनी किंवा तासांनी ही यादी तपासून नवे काय आले ते टिपून घेते. या पद्धतीची पहिली सर्वमान्य मांडणी मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. डॅन लिबी आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा यांनी ती कंपनीच्या प्रवेशपृष्ठासाठी आखली होती, म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या आवडीच्या संकेतस्थळांचे मथळे एकाच पानावर मांडून घ्यावेत, एवढाच मूळ हेतू होता. नेटस्केपने लवकरच या कामातून अंग काढून घेतले आणि पुढची काही वर्षे आरएसएस या नावाखाली दोन वेगवेगळी घराणी आपापली आवृत्ती खरी म्हणून भांडत राहिली: एका बाजूला डेव्ह वायनर यांची साधेपणावर भर देणारी परंपरा, जिची २.० ही आवृत्ती सप्टेंबर २००२ मध्ये आली, आणि दुसऱ्या बाजूला १.० आवृत्तीची अधिक शास्त्रशुद्ध पण किचकट परंपरा. या वादाला कंटाळलेल्या तिसऱ्या गटाने ॲटम नावाची नवी मांडणी केली आणि डिसेंबर २००५ मध्ये तिला इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले. मराठीच्या दृष्टीने या भांडणाचे महत्त्व जवळजवळ शून्य आहे, कारण मराठी लेखकांपर्यंत फीड पोहोचली ती तयार होऊन, आणि बहुतेकांच्या नकळत.

हे नकळत पोहोचणे समजून घेण्यासारखे आहे. ब्लॉगर ही सेवा फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने विकत घेतली, त्याच वर्षी वर्डप्रेसचा जन्म झाला, आणि या दोन्ही साधनांवर कोणीही पान उघडले की त्याची फीड आपोआप तयार होत असे. लेखकाला तिच्यासाठी काहीही करावे लागत नसे. मनोगत, उपक्रम, मिसळपाव यांसारखी मराठी स्थळे ज्या ड्रुपल या प्रणालीवर उभी राहिली, तिच्यातही ही सोय अंगभूत होती. परिणामी, २००४ ते २००८ या काळात मराठीत लिहू लागलेल्या हौशी लेखकाच्या हातात प्रसाराचे असे एक साधन होते, जे त्याने मागितलेले नव्हते आणि ज्याचे नावही त्याला बहुधा ठाऊक नव्हते. वृत्तपत्रांकडे मात्र, संपादकीय मनुष्यबळ, छायाचित्रे, वार्ताहरांचे जाळे असे सगळे असूनही, हे साधन वापरण्याची पात्रताच नव्हती, आणि त्याचे कारण अक्षरांत दडलेले होते.

त्या काळी बहुतेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खासगी फॉन्टांत चालत. अशा फॉन्टांची रचना अशी असे की संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचाच बनलेला राही. फक्त त्या-त्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत, आणि ती दिसण्यासाठी वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट असावा लागे किंवा पान उघडताना तो सोबत उतरवून घ्यावा लागे. छापखान्यातील जुळणीसाठी घडवलेली ही व्यवस्था संकेतस्थळाच्या चार भिंतींत कशीबशी निभावून जाई. फीड मात्र मजकुराला घराबाहेर काढते. तिच्यात केवळ अक्षरांचे संकेत असतात, फॉन्ट नसतो; त्यामुळे खासगी फॉन्टातील मथळा फीडमधून बाहेर पडला की वाचकापुढे रोमन अक्षरे, कंस, टक्केचिन्हे आणि स्वल्पविराम यांची निरर्थक माळ येऊन पडे. अशा मजकुराचा शोधयंत्रांनाही उपयोग नव्हता. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ सालीच स्वतंत्र जागा मिळालेली होती, विंडोज २००० पासून मंगल हा फॉन्टही घरोघरच्या संगणकांत येऊ लागला होता. पण वर्षानुवर्षांची जुळणीयंत्रे, साठवलेला मजकूर आणि हात बसलेले कर्मचारी यांचे ओझे वृत्तपत्रांना चटकन टाकता येत नव्हते. हौशी लेखकाला असे कोणतेच ओझे नव्हते. बरहा किंवा ओंकार जोशी यांच्या गमभन या टंकनसाधनाच्या मदतीने रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे टंकावे आणि समोर युनिकोड देवनागरी उमटावी, एवढ्यावर त्याचे काम भागत होते. संस्थेचा आकार आणि तिच्या मजकुराचा जालावरील वावर यांचे गणित येथे साफ उलटे झाले.

तरीही फीड असणे आणि तिच्यातून वाचक मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी जगात ही दरी वाचकाच्या हातातील साधनाने भरून काढली: २००३ साली ब्लॉगलाइन्स आणि ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आले, आणि वाचक आपल्या पसंतीच्या फीडांची वर्गणी स्वतः ठेवू लागला. मराठीत असे सजग वाचक मूठभरच होते. बहुसंख्य वाचक कचेरीतल्या मोकळ्या वेळात किंवा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने जालावर येत, आणि त्यांच्याकडून फीडचा पत्ता शोधणे, तो एखाद्या साधनात चिकटवणे आणि यादी सांभाळणे अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. म्हणून भारतीय भाषांत फीडचा लाभ वाचकाच्या वैयक्तिक साधनातून न मिळता संकलकातून मिळाला. संकलक म्हणजे अनेकांच्या फीडा एकत्र आणून ताजे लेखन एकाच सार्वजनिक पानावर मांडणारे स्थळ. हिंदीतील असा पहिला प्रयत्न, ‘चिट्ठा विश्व’, २००४ मध्ये पुण्यात राहणाऱ्या देबाशिष चक्रवर्ती यांनी केला, ही बाब महाराष्ट्राच्या संगणकीय इतिहासात नोंदवण्याजोगी आहे; पुढे ‘नारद’, ‘ब्लॉगवाणी’ आणि ‘चिट्ठाजगत’ यांनी हिंदीत तीच वाट रुंद केली. मराठीत हे काम मुख्यत्वे ‘मराठी ब्लॉग विश्व’ या स्थळाने केले, आणि त्या काळी क्वचितच एखादे मराठी लेखनस्थळ असे असेल की ज्याच्या कडेच्या रकान्यात या संकलकाचे छोटे बोधचिन्ह नव्हते.

ते बोधचिन्ह केवळ शोभेचे नव्हते. संकलक लेखकाला वाचक पुरवी, आणि त्या बदल्यात लेखक आपल्या पानावर संकलकाचा दुवा लावी. असे शेकडो दुवे एकाच स्थळाकडे निर्देश करू लागले की शोधयंत्राच्या नजरेत त्या स्थळाचे वजन वाढे, आणि ते वाढले की संकलकाच्या यादीतील नवख्या लेखकाचे पानही शोधयंत्राला लवकर सापडे. कोणी कोणाची जाहिरात करत नव्हते, तरी प्रत्येक जण दुसऱ्याच्या प्रसाराला हातभार लावत होता. मुख्यपृष्ठावर मजकूर कालक्रमाने येई, सर्वांत नवा सर्वांत वर, आणि या एका नियमामुळे परभणीचा नवशिका आणि पुण्याचा मुरलेला लेखक यांना सारखीच जागा आणि सारखाच वेळ मिळे. आजच्या समाजमाध्यमांत कोणाला काय दाखवायचे हे गणिती सूत्रे ठरवतात. त्या मानाने ही व्यवस्था खडबडीत असली तरी न्याय्य होती, असे म्हणावे लागते. अर्थात तिच्यातही पळवाटा होत्याच. फीडमधील प्रकाशनाची वेळ लेखकाच्या हातात असल्याने जुना लेख नवी तारीख घालून पुन्हा वर आणता येई, आणि एका लेखाचे पाच तुकडे केले तर पाच वेळा दर्शन घडे. यादीत वरचा क्रमांक टिकवण्याच्या या धडपडीत लेखांची लांबी घटली. मराठी जालीय गद्याला तुटक, प्रासंगिक वळण लागण्यात कालक्रमाच्या या यादीचा वाटा नक्कीच आहे, आणि तो वाटा साऱ्यांनाच हितकारक ठरला असे मानण्याचे कारण नाही.

लॅटिन लिपीसाठी घडलेल्या साधनांत देवनागरी कोंबताना ज्या अडचणी येत, त्यांपैकी दोन येथे जवळून पाहण्याजोग्या आहेत. ब्लॉगरवर लेख प्रसिद्ध करताना पानाचा पत्ता शीर्षकावरून तयार होई, पण देवनागरी अक्षरे त्या पत्त्यात बसत नसल्याने ती गाळली जात आणि उरे ते ‘ब्लॉग-पोस्ट’ हे रोमन लिपीतील सर्वसाधारण नाव व त्यापुढे एखादा आकडा. म्हणजे कथा असो, प्रवासवर्णन असो की पाककृती, मराठीतील हजारो पानांचे पत्ते एकसारखे झाले. इंग्रजी लेखाचा पत्ता स्वतःच त्याच्या विषयाची जाहिरात करी, मराठी लेखाचा पत्ता मुका राही, आणि लेखाची ओळख पटवण्याचा सगळा भार फीडमधील शीर्षकावर पडे. जाणकार लेखकांनी यावर एक युक्ती शोधली होती: आधी रोमन लिपीत शीर्षक देऊन लेख प्रसिद्ध करायचा, म्हणजे पत्ता अर्थपूर्ण बनतो, आणि मग शीर्षक बदलून देवनागरी करायचे. वर्डप्रेसची तऱ्हा याच्या उलट होती. तेथे देवनागरी शीर्षक पत्त्यात उतरे, पण प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात नऊ जागा खाई, आणि पत्त्यासाठी दोनशेच जागा राखलेल्या असल्याने काना-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हापाशी शीर्षकाचा गळा आवळला जाई. सारांशाच्या बाबतीतही तेच. युनिकोडच्या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते, त्यामुळे बाइट मोजून मजकूर छाटणारी विदेशी साधने इंग्रजीच्या तुलनेत एक तृतीयांशच मराठी सारांश दाखवत, आणि छाट चिन्हाच्या मधोमध बसली तर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरे.

फीडमध्ये संपूर्ण लेख द्यावा की फक्त आरंभीच्या ओळी, हा त्या वर्षांतला कळीचा प्रश्न होता. संपूर्ण लेख दिला तर वाचक मूळ स्थळी येतच नाही, आणि अर्धवट दिला तर तो चिडतो, हा इंग्रजी जगातला युक्तिवाद. मराठीत त्याला चोरीची धार होती. गाजलेले मराठी लेख लेखकाचे नाव पुसून ढकलपत्रांतून, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकलल्या जाणाऱ्या ईमेलमधून फिरत, आणि संपूर्ण फीड उपलब्ध असली की एखादे परके स्थळ ती आपोआप खेचून आपल्या नावावर सजवू शके. अनेकांनी म्हणून आखूड फीडचा मार्ग धरला. त्यात गैर काही नव्हते, पण ढकलपत्रे काही त्यामुळे थांबली नाहीत, आणि प्रामाणिक वाचकाला मात्र एक टिचकी अधिक मारावी लागली. मराठी वाचकाच्या सवयींशी अधिक जुळणारा उपाय वेगळ्याच दिशेने आला. २००४ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या आणि जून २००७ मध्ये गूगलने घेतलेल्या फीडबर्नर या सेवेने फीडमधील नवा मजकूर वाचकाच्या ईमेलपेटीत पोहोचवण्याची सोय केली, वर लेखकाला वर्गणीदारांचा आकडा दाखवणारी पट्टीही दिली. ज्या वाचकाला फीड म्हणजे काय हे कधी कळले नाही, तोही अशा रीतीने तिचा नियमित ग्राहक झाला.

शोधयंत्रांकडूनही फीडला बळ मिळाले. २००५ च्या जूनमध्ये गूगलने संकेतस्थळांचे नकाशे स्वीकारण्यास आरंभ केला, तेव्हा नकाशाऐवजी फीड दिली तरी चालत असे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेला त्यांचा ब्लॉगशोध तर फीडांवरच चाले. नवे लेखन प्रसिद्ध होताच लेखकाच्या साधनाने ठरलेल्या केंद्रांना तशी सूचना धाडण्याची, म्हणजे पिंग करण्याची, प्रथाही याच काळातली. मराठीत त्या वेळी युनिकोड मजकूर इतका तुरळक होता की एखाद्या गावाचे, किल्ल्याचे किंवा पदार्थाचे नाव देवनागरीत शोधले असता पहिल्या पानावर बहुधा हौशी लेखकांचीच पाने येत. वृत्तपत्रांनी त्याच विषयावर पूर्वी कितीही छापलेले असो, खासगी फॉन्टातले ते लेखन शोधात येतच नव्हते. स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धा भरवली, ती याच काळात निर्माण झालेल्या लेखकवर्गाची दखल घेण्यासाठी.

वृत्तपत्रांनी ही पिछाडी भरून काढली ती दोन वाटांनी. एक वाट सरळ होती: शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर लगेच एकेक करून मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोडकडे वळली. दुसरी वाट मोबाइलमधून गेली. नोकिया कंपनीत काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी २००९ मध्ये न्यूजहंट ही सेवा सुरू केली. जे साधे फोन देवनागरी दाखवायला मुळीच तयार नव्हते, त्यांच्यावरही भारतीय भाषांतील वृत्तपत्रे वाचता यावीत अशी तिची रचना होती. प्रकाशकाकडून मजकूर घ्यायचा, तो एका साच्यात बसवायचा आणि फोनवर पोहोचवायचा, हे मूळचे फीडचेच तत्त्व येथे व्यापारी करारांच्या आधारे राबवले गेले. २०१२ मध्ये ही सेवा व्हर्स इनोव्हेशन या कंपनीकडे गेली आणि २०१५ मध्ये तिचे डेलीहंट असे नामांतर झाले. आधीच्या संकलकात कोणीही विनामूल्य नाव नोंदवू शके. येथे प्रवेश संस्थांना होता. गावाकडच्या वाचकाचा लाभ निर्विवाद होता, कारण जिल्ह्याची बातमी आता पुण्या-मुंबईतही त्याच क्षणी वाचता येत होती. हौशी लेखकाला मात्र या दालनात जागा नव्हती.

फीडच्या उघड वापराला ओहोटी लागली तेव्हा ती सर्व बाजूंनी एकदम लागली. फेसबुकवर मराठी टंकणे सोपे झाले, आणि प्रतिसादासाठी लिहिणाऱ्या लेखकाला तेथे मिनिटाभरात दाद मिळू लागली; संकलकावर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागे. मार्च २०१३ मध्ये गूगलने रीडर बंद करण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०१३ रोजी ते बंद झाले. मराठी वाचकांपैकी फार थोडे त्याचे ग्राहक होते, तथापि फीड ही मागे पडत चाललेली गोष्ट आहे असा स्पष्ट संदेश त्यातून साऱ्या उद्योगाला गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत व्हॉट्सॲप पोहोचले आणि मजकूर फिरण्याचा मुख्य मार्गच बदलला. जुलै २०२१ पासून फीडबर्नरची ईमेल सेवाही थांबली.

मात्र ही ओहोटी वाचकाच्या नजरेपुरतीच खरी आहे. पॉडकास्ट म्हणून जे ऐकले जाते, ते ध्वनिफितीचा दुवा जोडलेली फीडच असते. परभणीचेच उदाहरण घ्यायचे तर, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयाने आपली प्रसिद्धिपत्रके ब्लॉगरवर ठेवण्याचा मार्ग स्वीकारला, आणि शेजारच्या नांदेडसह अनेक जिल्हा माहिती कार्यालयांनीही तेच केले. शासकीय संकेतस्थळावर निविदा, लेखाजोखा आणि सूचनाफलक यांच्या गर्दीत पत्रक शोधावे लागते. ब्लॉगरवर ते टाकल्याबरोबर फीडमध्ये उतरते, आणि ते टिपून घेण्यासाठी वृत्तपत्राच्या कचेरीला किंवा शेतीविषयक संकेतस्थळाला कोणाची परवानगी लागत नाही. सोयाबीनवरील किडीचा सल्ला किंवा शेतकरी मेळाव्याची सूचना अशा वेळेला बांधलेल्या मजकुरासाठी ही विनाखर्चाची व्यवस्था पुरेशी ठरली. तिची निवड करताना कोणाच्या मनात फीडचा विचार असेलच असे नाही.

याहून मोठा वापर हवामानाच्या इशाऱ्यांत आहे. आपत्तीच्या सूचनांसाठी २००४ मध्ये मान्य झालेल्या सामायिक इशारा प्रणालीत प्रत्येक इशाऱ्याला संकटाचा प्रकार, तीव्रता, निकड, खात्रीची पातळी, लागू असलेला प्रदेश आणि मुदत यांचे ठरावीक रकाने असतात, आणि असे इशारे फीडच्या रूपाने प्रसृत होतात. भारतीय हवामान विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी ही पद्धत स्वीकारली असून प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर तिची फीड सर्वांसाठी खुली आहे. ऐन पावसाळ्यात मराठवाड्यावर ढग दाटले असता परभणी जिल्ह्यासाठी विजांसह पावसाचा इशारा निघाला, तर त्या जिल्ह्यातील मोबाइल मनोऱ्यांच्या कक्षेत असलेल्या फोनांवर संदेश धाडण्याचे काम आणि त्याच इशाऱ्याची नोंद फीडमध्ये करण्याचे काम एकाच मूळ नोंदीवरून होते. आणि मुदतीचा रकाना भरलेला असल्याने, वेळ टळून गेल्यावर तो इशारा शिळा झाला हे फीड तपासणाऱ्या संगणकाला आपोआप कळते, जी सोय व्हॉट्सॲपवर तीन दिवस फिरत राहणाऱ्या वादळाच्या संदेशाला नाही.